लिनक्सच्या चारी बाजूंनी विंडोज

२५ ऑक्टोबर २००९, सकाळी

आजपासून रोजनिशी. ही वही तात्पुरती आहे. कॉम्प्युटरचं काम एकदा मार्गी लागलं की रोजनिशी थेट कॉम्प्युटरवर, पासवर्ड टाकून. वहीला पासवर्ड लावता येत नाही आणि या घरात शैलजा राहते. शैलजा म्हणजे आमची सौ. शाळेतून निवृत्त झाली, पण दुसऱ्यांच्या वह्या तपासायची तिची खोड काही निवृत्त झाली नाही.

महत्त्वाची नोंद : आमच्या हिमानीला पुढच्या महिन्यात बाळ होणार. हिमानी आणि जावई जर्मनीत, आम्ही दोघं वडनेर भोलजीत. पासपोर्ट काढायचा राहून गेला. मी गेलोच नाही, कारण तिथे रांग असणार हे मला घरबसल्या कळलं होतं. त्यामुळे नातवंडाचं पहिलं दर्शन कॉम्प्युटरवरच. शैलजा व्हिडिओ कॉल लावायला शिकली आहे. बारशाला इथून पाळणा म्हणणार आहे, ओळी स्वतः रचते आहे. स्वयंपाक करताना पळीनं ताल धरते. काल फोडणी जळली.

तिचं एकच मागणं. म्हणाली, अहो, बारसं होईपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावू नका, पाया पडते तुमच्या.

पाया पडण्यासारखं काय आहे त्यात? मी काय रानडुक्कर आहे?

तरी मोठ्या मनानं वचन दिलं. हात लावणार नाही.

२५ ऑक्टोबर, दुपारी

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. चालू केला की मला लॉटरी लागल्याबद्दल अभिनंदन येतं. बंद केलं की दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा अभिनंदन. ही लॉटरी आत शिरली कशी, हा मुद्दा गौण. (मी एकदाच क्लिक केलं. एखादा माणूस आपलं अभिनंदन करतो आहे तर निदान त्याचं ऐकून घ्यावं, असे आपल्यावर संस्कार आहेत.)

ऐन बारशात बाळाच्या तोंडावर लॉटरी आली तर? वचन वचनाच्या जागी. घरातल्या कर्त्या पुरुषाची जबाबदारी इथे सुरू होते.

२८ ऑक्टोबर

सापडलं!

एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडी फुकट आली होती. तिच्यावर मी गेलं वर्षभर चहाचा कप ठेवत होतो. आज पुसून वाचली. लिनक्स. विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, आणि मासिकवाले म्हणतात, तिला व्हायरस सहसा लागत नाही.

म्हणजे लिनक्स हे बीटी आहे.

हे वाक्य लिहिलं आणि उठून अंगणात एक चक्कर मारून आलो. जगात हे कोणाच्या डोक्यात आलं नसणार. कॉम्प्युटरवाल्यांना कपाशी कळत नाही, कपाशीवाल्यांना कॉम्प्युटर. दोन्ही कळणारा मी एकटा. बियाण्याच्या कंपनीत फील्ड ऑफिसर म्हणून हयात गेली. नांदुरा, मलकापूर, मोताळा, सगळीकडे मोटरसायकलवर हिंडून बीटी कपाशी समजावून सांगितली. बीटीचं बोंड अळीनं खाल्लं की अळी मरते. लिनक्सला व्हायरस चावला की व्हायरस मरतो. तत्त्व एकच.

आणि विंडोज म्हणजे नॉन-बीटी. पण ती उपटून फेकायची नाही! अडाणी माणूस इथेच चुकतो. बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचं एक छोटं पुडकं येतं. ते वावराच्या चारी कडांनी पेरायचं. अळीला खायला तेवढा पट्टा सोडायचा, म्हणजे ती बीटी पचवायला शिकत नाही. किती मेळावे घेतले, किती घसा फोडला. एका पठ्ठ्यानं पेरलं असेल तर शपथ. कोणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकलं, कोणी लेकरांना खेळायला दिलं. आमच्या शेजारच्या जब्बारच्या कृषी केंद्रामागे तर त्या पुडक्यांचा ढीग पडलेला आहे. आणि आता बोंडात अळी दिसली की येतात माझ्याकडे तोंड घेऊन.

संकल्प : एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम. मधोमध लिनक्स, चारी बाजूंनी विंडोज. लोकांनी ऐकलं नाही, निदान मशीन तरी ऐकेल.

शैलजाला मासिकातला लेख वाचून दाखवला. काही बोलली नाही. म्हणजे पटला.

३० ऑक्टोबर

जब्बारला योजना सांगितली. त्याच्या दुकानात बिलं करायला कॉम्प्युटर आहे, म्हणून त्याला वाटतं आपल्याला त्यातलं कळतं. म्हणे, मार्तंडभाऊ, चालता कॉम्प्युटर हाय, काऊन त्याच्या मागं लागून राह्यले? एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात.

मी म्हटलं, एका वावरात कपाशी आणि तूर राहते की नाही?

म्हणे, राहते ना. पन तूर पेराले कोनी उभी कपाशी उपटत नाही.

जब्बारची झेप गल्ल्यापर्यंतच. सोडून दिलं.

संध्याकाळी गुलाबराव आला. आमचं चार एकर वावर तो बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं करतो. हातात कपाशीची लाल झालेली पानं. म्हणे, साहेब, एक डाव वावरात चला. लाल्या आला. दुरून पाहाल त लगनाचा मांडव घातल्यावानी दिसून राह्यलं. यंदा बोंडं भरतच नाहीत.

त्याला सांगितलं, हे कॉम्प्युटरचं एवढं झालं की आलोच. म्हणे, कॉम्प्युटरले बी लाल्या आला काय? विनोद करायची ही वेळ आहे का? माणसानं संकटात गंभीर असावं.

२ नोव्हेंबर

शैलजा बाळासाठी दुपटी-झबली घ्यायला बुलढाण्याला बहिणीकडे गेली. तीन दिवस मुक्काम. निघताना जब्बारच्या घरी काहीतरी पुडकं देऊन गेली. त्याच्या बायकोसाठी, राबियाभाभींसाठी अनारसे असतील. मला चार ठेवले असते तर बिघडलं नसतं.

मैदान मोकळं. नारळ फोडला. थोडं पाणी कीबोर्डवर उडालं. शुभच असतं.

आधी वाटणी. बीटीच्या पाकिटात साडेचारशे ग्रॅम बीटी आणि एकशेवीस ग्रॅम नॉन-बीटी. त्याच हिशेबानं लिनक्सला चार वाटे, विंडोजला एक. प्रोग्राम म्हणाला, जमणार नाही, विंडोजनं आताच अर्धी डिस्क व्यापली आहे. प्रोग्राम उर्मट आहे. त्याला बाजूला सारून सगळं स्वतःच्या हातानं करायचा पर्याय निवडला. विंडोजमधून जे जे बिनकामाचं वाटलं ते काढून टाकलं. खूप निघालं. नावं वाचली तर इंग्रजी, कामं कळली तर शपथ, असे रिकामटेकडे आत किती बसून होते!

मग खरी अडचण. मध्ये लिनक्स पेरायचं तर विंडोज दोन्ही कडांना हवी, पुढेही आणि मागेही. विंडोज आहे एकच. तिचे दोन भाग पाडले. ए पासून एम पर्यंतचे फोल्डर पुढच्या धुऱ्याला, एन पासून झेड पर्यंतचे मागच्या. शाळेत अ आणि ब तुकडी पाडतात, त्यात काय एवढं!

काम चालू असताना यूपीएस सारखा टिंव टिंव करत होता. लक्ष लागेना. काढून ठेवला.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी

लोडशेडिंग. ऐन वाटणीत वीज गेली. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं आहे आणि मी ते वाचलेलंही आहे. पण वेळापत्रक पाळायचं असतं असं यांनी आजवर कधी दाखवलं? नेमकं आजच पाळलं.

३ नोव्हेंबर

विजय! लिनक्स उघडलं. सगळं कसं स्वच्छ, शांत. आवाजच नाही. म्हणजे आवाज येतच नाही, पण त्यामुळे एकाग्रता वाढते.

चालू करताना काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, वर लिनक्स, खाली विंडोज. दोन्ही नावं मी बराच वेळ बघत बसलो. बाप झाल्यासारखं वाटलं. खालचं नाव निवडलं की पडदा काळा होतो आणि एक पांढरी रेघ लुकलुकते. विंडोज तूर्त विश्रांती घेते आहे. कडेच्या पट्ट्यानं पीक द्यावं अशी अपेक्षा नसतेच मुळी.

उरलेली किरकोळ कामं : आवाज, इंटरनेट, कॅमेरा.

५ नोव्हेंबर

शैलजा परत आली. तिला नवी सिस्टिम दाखवली. आतला पत्त्यांचा खेळ दाखवला. म्हणाली, कॉल लागतो का? मी म्हटलं, पाया भक्कम झाला आहे, भिंती उभ्या राहतील. म्हणाली, हिमानीचे लहानपणचे फोटो कुठे आहेत? मी म्हटलं, हिमानी एच वरून, म्हणजे पुढच्या धुऱ्याला असणार. पुढच्या धुऱ्याला नाहीत. मागच्याही नाहीत.

मला वाटलं आता भडका उडणार. बायको ओरडली तर उत्तर तयार होतं, पाठही केलं होतं. पण तसं काही झालं नाही. चहा केला, मला दिला आणि राबियाभाभींकडे जाऊन बसली. तासभर हसण्याचे आवाज येत होते. बायकांना जगाची काळजी नसते.

८ नोव्हेंबर

लिनक्सला कॅमेरा दिसत नाही. आठवडा होत आला. काय काय टाइप केलं. मासिकात लिहिलेलं सगळं टाइप केलं, खाली छापलेल्या संपादकाच्या पत्त्यासकट. नाही म्हणजे नाही. एवढी प्रगत सिस्टिम आणि डोळ्यासमोरचा कॅमेरा दिसू नये!

गुलाबराव पुन्हा आला होता. त्याला बाहेरूनच सांगितलं, उद्या. म्हणे, उद्याले बी वावर तिथंच असन साहेब, कपाशीचं मातर सांगता येत नाही. त्याच्या बोलण्यात हल्ली टोमणा असतो. बटईदार डोक्यावर बसले की असंच होतं.

१० नोव्हेंबर

मुलगी झाली!

पहाटेच फोन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप. शैलजाच्या हातातून फोन सुटेना. मी दोनच शब्द बोललो, जपून राहा. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे थोडं ऐकू गेलं असेल.

बारसं एकवीसला, शनिवारी. तिकडे सकाळ, इकडे दुपार. मी हिमानीला छातीठोक सांगितलं, इकडची तांत्रिक बाजू माझ्याकडे. ती एकदम गप्प झाली. भरून आलं असेल.

१२ नोव्हेंबर

लिनक्सला कॅमेरा का दिसत नव्हता, त्याचा छडा लागला. मॉनिटरवर कॅमेराच नाही. मलाही दिसला नाही.

शैलजाला विचारलं. म्हणाली, तुमचा तो लेख ऐकला त्यानंतर मी काढून ठेवला. कुठे, तर म्हणाली, जागेवर आहे. नवऱ्यानं रात्रंदिवस राबायचं आणि यांनी सामान लपवायचं. पण भांडलो नाही. कॅमेरा नव्हता म्हणजे चूक लिनक्सची नव्हती, म्हणजे माझीही नव्हती. हे महत्त्वाचं.

१५ नोव्हेंबर

काल पत्ते खेळता खेळता लिनक्सही बंद पडलं. त्यात माझा हात नाही. मी फक्त मागच्या धुऱ्याची जागा थोडी सरकवत होतो.

आज कॉम्प्युटरचा डबा पोत्यात बांधला आणि एसटीनं बुलढाण्याला घेऊन गेलो. मांडीवर. कंडक्टर म्हणे, याचं लगेज लागन. मी म्हटलं, नातीच्या बारशाचं आहे हो. म्हणे, मंग पेढे द्या.

दुकानातल्या मेकॅनिकनं डिस्क तपासली. मग त्यानं हाक मारून शेजारच्या दुकानातल्या दोघांना बोलावलं आणि त्यांनाही दाखवली. तिघं बराच वेळ बघत उभे. विचारलं, एन पासून मागं कोनं नेलं बे हे? मी म्हटलं, आमच्या एका शेजाऱ्यानं. म्हणाला, त्या मानसाले कॉम्प्युटरच्या खोलीत येऊ नका देऊ. मी म्हटलं, मी तेच म्हणतो.

आतलं सगळं गेलं म्हणे. नवीन विंडोज टाकावी लागेल, पंचवीस तारखेनंतर या. पंचवीस! बारसं एकवीसला. स्वाभिमानानं डबा उचलला आणि परतीची गाडी धरली. राजूर घाटात बस अशी आदळत होती की डबा मांडीवरून दोनदा खाली आपटला. घरी आल्यावर डब्यात काहीतरी खुळखुळतं आहे. आधीही खुळखुळत असेल, आपण कधी हलवून पाहिलं होतं?

१७ नोव्हेंबर

सद्यस्थिती. चालू केला की इंग्रजीत एक ओळ येते : सिस्टिम सापडत नाही. ना लिनक्स, ना विंडोज. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, लॉटरीची जाहिरात कायमची बंद झाली. मूळ उद्दिष्ट तेच होतं.

शैलजा अजूनही काही विचारत नाही. पाळणा पाठ करते आहे, झबल्याला लेस लावते आहे. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, हे यावरून दिसतं.

२० नोव्हेंबर

उद्या बारसं. उपाय सुचले ते असे. एक, जर्मनीचं इंटरनेट बंद पडलं असं शैलजाला सांगावं. दोन, वडनेरचं बंद पडलं असं हिमानीला सांगावं. तीन, दोघी एकमेकींशी फोनवर बोलणार नाहीत अशी व्यवस्था करावी. तिसऱ्यावर अडलं आहे.

दुपारी ती हिरवी साडी बाहेर काढून इस्त्री करत होती. कॅमेऱ्यात हिरवा रंग नीट दिसेल ना, असं मला विचारलं. मी म्हटलं, दिसेल.

मला भीती वाटते आहे. उद्या ती नटून बसेल आणि समोर काळा पडदा असेल. तेव्हाचं तिचं तोंड मला बघवणार नाही.

(हे वरचं नंतर खोडायचं.)

२१ नोव्हेंबर

झालं बारसं. क्रमानं लिहितो.

जेवणं झाल्यावर शैलजा साडी नेसून आली. परडीत झबलं-टोपडं घातलेला वरवंटा. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, तो मान कोणी चुकवत नाही. म्हणाली, चला. मी डब्याकडे पाहिलं आणि जर्मनीच्या इंटरनेटबद्दल सुरुवात केली. म्हणाली, तिकडे नाही, इकडे. आणि चालायला लागली ती थेट जब्बारच्या दुकानात.

दुकान झाडून लख्ख. राबियाभाभींनी झेंडूची माळ लावलेली. फवारणीच्या पंपाचा खोका, त्यावर आमचा कॅमेरा. जब्बारच्या कॉम्प्युटरवर आमच्या हिमानीचे लहानपणचे फोटो, सगळे, एकूण एक. बियाण्याच्या पाकिटांच्या फळीला साडी बांधून पाळणा टांगलेला.

मी म्हटलं, हे काय? जब्बार म्हणे, वहिनीनं तीन हप्ते झाले सांगून ठेवलं होतं. फोटो बी तवाच आनून टाकले. तुमी नारळ फोडाच्या आधीच.

म्हणजे बुलढाण्याला जाताना दिलेलं ते पुडकं अनारशांचं नव्हतं.

बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वीज गेली. वेळापत्रकाप्रमाणे. हल्ली हे लोक फारच वक्तशीर झाले आहेत. जब्बारनं त्याचीही तयारी ठेवली होती, ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर. पण बॅटरी जड म्हणून मागच्या खिडकीबाहेर ओट्यावर ठेवलेली, आणि तिची वायर खिडकीच्या आत इन्व्हर्टरला जोडणारा एक चिमटा सैल. सोडला की निसटायचा. आतून पोत्यांच्या थप्पीमुळे तिथे हात पोचेना, म्हणून कोणीतरी बाहेर उभं राहून, गजांमधून हात घालून तो दाबून धरायला हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच नव्हतं का सांगितलं, तांत्रिक बाजू माझ्याकडे?

धरला. खिडकी उंच, मला फक्त छताचे पत्रे दिसत होते. पायाशी ती नॉन-बीटीची पुडकी, मी इतकी वर्षं वाटलेली, उंदरांनी फोडलेली.

आतून सगळं ऐकू आलं. हिमानीचा आवाज. बायकांनी वरवंटा पाळण्याखालून दिला-घेतला. मग शैलजानं पाळणा म्हटला. तिचा आवाज पहिल्या ओळीला कापला, मग लागला.

बाराव्या दिवशी बोंड फुटलं,
आजीचं सारं भान गं सुटलं, जो बाळा जो जो.

राबियाभाभी मागून म्हणत होत्या. माझा हात आखडला होता, पण मी चिमटा सोडला नाही. खरं सांगतो, नाही सोडला.

गुलाबरावही आला होता. तो दारात उभा राहून मला आतली बातमी देत होता. साहेब, पोरगी जांभई देऊन राह्यली. साहेब, मूठ वळली. साहेब, डोये उघडले, इकडंच पाह्यते. मी म्हटलं, दिसते कशी? म्हणे, नाक तुमचं हाय, पन लहान हाय अजून, सुधरू शकते.

नाव शर्वरी ठेवलं. हिमानीनं विचारलं, बाबा कुठे आहेत? आतून चार जण एकदम म्हणाले, वायर धरून आहेत.

माझी पाळी येणार, तेवढ्यात तिकडे बाळ झोपलं, आणि इकडे बॅटरी. मी हात काढून आत पळालो, तर पडदा काळा. हा मात्र मी केला नव्हता.

पेढे वाटताना शैलजा बोलली. तीन आठवड्यांचं एकदम. म्हणाली, उभा जन्म गावोगाव सांगत फिरलात ना, सगळंच एका भरवशावर पेरू नका, कडेला थोडं राखून ठेवा? मी ऐकत होते. एकटी मीच ऐकत होते. तुम्ही मधोमध, आणि मी तुमच्या चारी कडांनी पेरून ठेवलं.

मी म्हटलं, चला, निदान एकानं तरी माझं ऐकलं. तर गुलाबराव पेढा खाता खाता म्हणे, मंग आपल्या वावरात काऊन नाही पेरू देलं साहेब? मी पुडकं घेऊन आलो होतो, तुमीच म्हनले, फेक तिकडं, जागा वाया जाते.

आठवत नाही.

२२ नोव्हेंबर

गुलाबरावासोबत वावरात गेलो. दुरून लग्नाच्या मांडवासारखं दिसतं, हे खरं आहे. जवळून नाही. बोंडं सुपारीएवढी. तो कपाशीच्या एका ओळीनं वेचत गेला, मी दुसऱ्या ओळीनं. वावर संपलं तरी माझा कमरेला बांधलेला ओटा भरला नाही. त्याचाही नाही. म्हणे, तुमी त पयल्याच डाव वेचून राह्यले, तुमचं ठीक हाय.

 

२४ नोव्हेंबर

जब्बारनं कॉल चालू असतानाच पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. आज नांदुऱ्याहून रंगीत छापून आणला. शैलजानं तो आमच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर चिकटपट्टीनं लावला, मधोमध. आता कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो. लोडशेडिंगमध्येही.

आज मी नातीला पाहिलं. नाक माझंच आहे. मूठ वळलेली, डोळे उघडे, इकडेच पाहते. बराच वेळ बसलो होतो समोर. शैलजानं चहा तिथेच आणून दिला.

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत आपल्याकडची मंडळी आली आहेत. शैलजा, राबियाभाभी, जब्बारचं अर्धं डोकं. मागे खिडकी, आणि गजांमधून आत आलेला एक हात. चिमटा घट्ट धरलेला.

हिमानीकडेही हा फोटो आहे. संध्याकाळी फोनवर तिनं आईला विचारलं, मागे तो हात कोणाचा गं?

शैलजा म्हणाली, बाबांचा. तेवढा वेळ तो अडकवून ठेवला, म्हणून बारसं झालं.

संकल्प : सध्या काही नाही.